निकॉनच्या लेन्स, सोनीची बॉडी: नाशिकच्या एका लग्न-स्टुडिओचं प्रकरण

पार्श्वभूमी

पंचवटीच्या बाजूला एक छोटा स्टुडिओ आहे. काका फिल्मच्या काळापासून लग्नांचे फोटो काढतात. पुतण्या त्यांच्या हाताखाली शिकला आणि आता व्हिडिओ, एडिटिंग, अल्बमचं डिझाइन हे सगळं तोच बघतो. मी कॅमेरा दुरुस्तीच्या कामात असल्यामुळे दोघांशी जुना परिचय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तांत्रिक गोष्टी तशाच ठेवल्या आहेत.

काकांकडे निकॉन डी७५० आणि पाच लेन्स. (लेन्सचा पहिला आकडा मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ; लहान म्हणजे दृश्य रुंद. एफ/चा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचा; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं आणि फोकसची पट्टी अरुंद.) कामाचा मुख्य घोडा २४-७० एफ/२.८ जी. त्यानंतर ८०-२०० एफ/२.८ डी, सव्वा किलोहून जड. ५० एफ/१.८ डी. आणि दोन जुन्या, हाताने फोकस करायच्या एआय-एस लेन्स: २४ एफ/२.८ आणि १०५ एफ/२.५. या शेवटच्या दोन काकांनी फिल्मच्या दिवसांत घेतल्या होत्या आणि अजून रोज वापरतात. वरातीत २४ची लेन्स लावायची, फोकसची रिंग तीन मीटरच्या खुणेवर ठेवायची आणि डोळा न लावता, कॅमेरा डोक्यावर धरून गर्दीत क्लिक करत जायचं ही त्यांची पद्धत. ऑटोफोकसची त्यांना त्या वेळी गरजच वाटत नाही.

पावसाळ्यात काम कमी असताना पुतण्याने सेकंडहँड सोनी ए सेव्हन थ्री घेतला. कारण व्हिडिओ, आणि डोळा पकडणारा ऑटोफोकस. बॉडीचा भाव चांगला मिळाला. लेन्सचं काय, असं काकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काका, लेन्स आपल्याकडे आहेतच की. अडॅप्टर लावू." (अडॅप्टर म्हणजे एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर बसवणारं मधलं कडं.) या एका वाक्याने पुढचा सगळा सीझन ठरवला. ज्या ऑटोफोकससाठी बॉडी घेतली तो या पाच लेन्सवर मिळणार आहे का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

अडॅप्टर बसतो कशामुळे

प्रत्येक माउंटला, म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे अडकते त्या जोडाला, एक ठरलेलं अंतर असतं: लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंत. निकॉन एफसाठी ते ४६.५ मिलिमीटर आहे, कारण १९५९ साली हा माउंट आला तेव्हा मध्ये आरसा हलायला जागा लागत होती. सोनी ई माउंटमध्ये आरसा नाही, तिथे ते १८ मिलिमीटर. म्हणजे मध्ये २८.५ मिलिमीटरची मोकळी जागा उरते आणि तिथे रिकामी नळी बसते. काच लागत नाही. उलट दिशेने, सोनीची लेन्स निकॉन डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर), असं करता येत नाही, कारण लेन्स आरशाच्या जागेत आत न्यावी लागेल. कॅननचा ईएफ ४४ मिलिमीटरचा, म्हणून निकॉनची लेन्स जुन्या कॅननवर अडीच मिलिमीटरच्या चकतीने बसते, पण कॅननची निकॉनवर बसवायची तर मध्ये भिंग घालावं लागतं आणि चित्राचा दर्जा उतरतो.

जागा असणं ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे लेन्स कोणाचं ऐकते. नावापुढचं अक्षर इथे कामाला येतं. काकांकडच्यासारख्या, नावात एएफ-एस नसलेल्या डी लेन्सला स्वतःची मोटर नसते. बॉडीतला स्क्रू तिला फिरवतो. जी लेन्समध्ये अ‍ॅपर्चरची रिंगच नसते, मागची छोटी पट्टी बॉडी ढकलते. ई प्रकारात अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, साध्या नळीवर ते हलतच नाही. एएफ-पी लेन्सचं तर फोकससुद्धा विजेवर, म्हणजे साध्या अडॅप्टरवर हाताने फिरवूनही काही होत नाही. सुदैवाने काकांकडे ई किंवा एएफ-पी एकही नव्हती.

अडचण

पुतण्याने दीड-दोन हजारांचा साधा अडॅप्टर मागवला. त्यावर जी लेन्ससाठी अ‍ॅपर्चरची एक रिंग होती, आकडे नसलेली. एका टोकाला उघडं, दुसऱ्या टोकाला बंद, मधलं अंदाजाने.

सुरुवातीचे घोळ किरकोळ होते. कॅमेरा क्लिकच होईना. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू केल्यावर झाला. ५०च्या लेन्सची रिंग फिरवून उजेड बदलेना. अडॅप्टरची रिंग उघड्या टोकाला राहिली होती आणि ती लेन्सची पट्टी धरून ठेवत होती. ती बंद टोकाला नेल्यावर लेन्सची रिंग कामाला लागली. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला (हाताची थरथर भरून काढणाऱ्या यंत्रणेला) फोकल लेंग्थ हाताने सांगावी लागते, हेही कळलं. झूम लेन्सला ते दर वेळी बदलणं लग्नात शक्य नाही, म्हणून २४-७० असताना त्याने ३५ टाकून ठेवलं. ही तडजोड मला पटते. जास्त आकडा टाकला तर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त भरपाई करतो, आणि त्यापेक्षा थोडी कमी भरपाई बरी.

मग चाचणी. एका घरगुती हळदीला सकाळच्या उन्हात काकांनी २४ची लेन्स सोनीवर लावून नेहमीच्या पद्धतीने फोटो काढले. एफ/८. सगळे चांगले आले. अडॅप्टर पास झाला असं दोघांनी धरलं.

तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला आणि गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवरच्या लग्नात, संध्याकाळच्या वरातीत गोंधळ झाला. तीच लेन्स, तीच तीन मीटरची खूण, पण उजेड फक्त बँडवाल्यांच्या दिव्यांचा आणि अ‍ॅपर्चर एफ/२.८. नवरदेव आणि नाचणारे मित्र सॉफ्ट, म्हणजे अस्पष्ट, मागच्या दुकानांच्या पाट्या मात्र अक्षर न् अक्षर वाचता येतील अशा. त्याच दिवशी २४-७०ने काढलेल्या काही फोटोंत डावी बाजू उजवीपेक्षा मऊ दिसत होती. नशिबाने डी७५० गळ्यात होता, म्हणून वरात हातची गेली नाही.

काकांचं मत पडलं की सोनीच खराब आहे. पुतण्याचं मत पडलं की काकांच्या लेन्सला बुरशी लागली असेल. दोघंही सगळं सामान घेऊन माझ्याकडे आले.

तपासणी

आधी लेन्स निर्दोष आहेत का ते बघितलं. वर्तमानपत्राची पानं भिंतीला सपाट चिकटवली, कॅमेरा ट्रायपॉडवर, २४-७० डी७५०वर, लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर बघून) फोकस मध्यावर. दोन्ही कडांची अक्षरं सारखी आली. तीच लेन्स अडॅप्टरमधून सोनीवर: डाव्या कडेची अक्षरं विरघळलेली. ५० लावली, तरी डावीच. वेगवेगळ्या लेन्सना एकाच बाजूचा आजार म्हणजे दोष लेन्सच्या मागे आहे. सोनी बॉडी दुसऱ्याच्या सोनीच्या लेन्सवर ठीक होती. राहिला अडॅप्टर.

वरातीचा प्रकार मात्र वेगळा होता, तिथे बाजूचा नव्हे तर अंतराचा घोळ होता. इथे कागदावर हिशोब केला, तो सांगण्यासारखा आहे. २४ मिलिमीटरची लेन्स अनंतावरून तीन मीटरवर आणायला फक्त ०.१९ मिलिमीटर पुढे सरकते. अडॅप्टर ०.१ मिलिमीटरने आखूड असेल तर त्यातली अर्ध्याहून जास्त हालचाल वाया जाते आणि तीनच्या खुणेवर खरा फोकस सहा मीटरच्या पलीकडे पडतो. एफ/२.८ला मग सव्वातीन मीटरच्या अलीकडचं सगळं सॉफ्ट. वरातीत काका नवरदेवापासून दोन-अडीच मीटरवर असतात. एफ/८ला मात्र याच चुकीच्या फोकसमध्येही पावणेदोन मीटरपासून पुढे सगळं चालून जातं. हळदीला अडॅप्टर पास झाला तो यामुळे. १०५च्या लेन्सला हाच ०.१चा फरक तीन मीटरवर जेमतेम आठ सेंटिमीटरचा, आणि तीही स्क्रीनवर बघून फोकस करायची असल्याने जाणवतही नाही. अडॅप्टरची जाडी जितकी वाइड (रुंद दृश्याच्या) लेन्सला बोचते तितकी टेलीला (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सला) नाही, हे लोक विसरतात, कारण अडॅप्टर तपासताना हाताशी असते ती ५०ची लेन्स.

स्वस्त अडॅप्टर बरेचदा मुद्दाम थोडे आखूड करतात. जाड झाला तर लेन्स अनंताला पोचतच नाही आणि गिऱ्हाईक लगेच तक्रार करतो. आखूड असला तर लेन्स अनंताच्या पुढे जाते आणि बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. रिंगवरचे आकडे वाचून फोकस करणारे काकांसारखे लोकच त्यात सापडतात.

मोजमाप

पुतण्याने व्हर्नियरने मोजून बघितलं होतं. दर वेळी वेगळा आकडा. साहजिक आहे: मोजायचं असतं ते दोन टेकणाऱ्या कड्यांमधलं अंतर, आणि सोनीच्या बाजूचे बायोनेटचे (फिरवून अडकवायचे) दात त्या कड्याच्या बाहेर येतात, त्यामुळे जबडा नीट टेकत नाही.

नाशिकमध्ये अशा कामाला लांब जावं लागत नाही. सातपूर एमआयडीसीत पुतण्याच्या मित्राची टूलरूम आहे, गाड्यांच्या पार्टसाठी जिग-फिक्श्चर करणारी. तिथल्या इन्स्पेक्टरने सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) ग्राइंड केलेली एक बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, ठेवली, तिचं भोक दात आत जातील एवढं मोठं. त्यावर अडॅप्टर बसवला आणि डायल गेज पुढच्या कड्यावर फिरवला. एका बाजूला २८.३२, समोरच्या बाजूला २८.४८. म्हणजे मध्यावर सरासरी २८.४०, ठरल्यापेक्षा ०.१ कमी, आणि वर ०.१६चा तिरकेपणा. वरातीचं आणि डाव्या बाजूचं, दोन्ही कोडी एका मिनिटात सुटली.

पुढची प्लेट खोलल्यावर तिच्याखाली रंगाचा एक जाड थेंब सुकलेला निघाला. तो खरवडून प्लेट परत बसवली तर तिरकेपणा गेला, पण सगळीकडे २८.३२ आणि २८.३३. थेंबाने एक बाजू उचलून धरली होती, म्हणून अडॅप्टर आहे त्यापेक्षा कमी आखूड वाटत होता. नुसती सफाई करून परत आणला असता तर कडा सुधारल्या असत्या आणि वरात आणखी बिघडली असती.

पर्याय

आता निर्णयाचा मुद्दा आला: या अडॅप्टरवर मेहनत घ्यायची की वाटच बदलायची. चौघं बसलो, काकूंसकट, कारण पैशाचा हिशोब त्यांच्याकडे.

सोनी विकून निकॉन झेड बॉडी (निकॉनचा बिनआरशाचा कॅमेरा) आणि एफ माउंटच्या लेन्स तिच्यावर बसवणारा निकॉनचाच एफटीझेड अडॅप्टर घ्यायचा, हा पर्याय काकांना सगळ्यात आवडला. कंपनीचा अडॅप्टर म्हणजे सगळं चालणार, असा त्यांचा समज. पण एफटीझेडमध्ये स्क्रू फिरवणारी मोटर नाही, पहिल्यातही नाही आणि २०२१मध्ये आलेल्या दुसऱ्यातही नाही. त्यावर डी लेन्सचं अ‍ॅपर्चर चालतं, मीटरिंग (उजेड मोजणं) चालतं, फोकस हाताने. एआय-एस तर अर्थातच हाताने. थोडक्यात पाच लेन्सपैकी ऑटोफोकस फक्त २४-७०चा मिळणार. सेकंडहँड बॉडी परत विकण्यातला तोटा सोसून एका लेन्सचा ऑटोफोकस, हे काकूंना पटलं नाही. मलाही नाही. बॉडी घेण्याआधी हा पर्याय समोर असता तर मात्र मी त्याच्याच बाजूने बोललो असतो, कारण २४-७० हीच लेन्स सगळ्यात जास्त पैसे कमावते.

इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर हा दुसरा. एका मित्राकडून उसना आणून २४-७०वर लावून बघितला. स्टेजवरच्या उजेडात ठीक, मेहंदीच्या कार्यक्रमातल्या मंद उजेडात मागेपुढे शोधत राहायचा. हे अडॅप्टर दोन कंपन्यांमधल्या दुभाष्याचं काम करतात, आणि निदान निकॉनच्या लेन्सची भाषा तरी सहसा कुणी अधिकृतपणे दिलेली नसते. बाहेरून निरीक्षण करून शिकलेली असते. कॅमेऱ्याचं फर्मवेअर बदललं की कधी अडॅप्टरचंही बदलावं लागतं. हौशी माणसाला हे चालतं. अंतरपाट खाली येतो तो क्षण मात्र एकदाच येतो.

सगळ्या लेन्स विकून सोनीच्या घ्यायच्या, यावर फार बोलणं झालं नाही. एफ माउंटच्या सेकंडहँड लेन्सचे भाव उतरलेले आहेत आणि १०५ विकायची म्हटल्यावर काकांनी विषयच बंद केला.

उरला मधला मार्ग: प्रत्येक लेन्सचा वेगळा निर्णय. पुतण्याला हे आवडलं नाही, त्याला एकच व्यवस्था हवी होती. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. दोन प्रकारच्या बॉडी म्हणजे दोन बॅटऱ्या, दोन चार्जर, रंग जुळवायचं वेगळं काम. पण त्या सीझनला एकच व्यवस्था परवडत नव्हती.

काय केलं

२४-७० विकली. त्या पैशात भर घालून सोनी माउंटची टॅमरॉन २८-७५ एफ/२.८ सेकंडहँड घेतली. ज्या कारणासाठी बॉडी आणली होती, तो डोळा पकडणारा ऑटोफोकस त्या दिवसापासून खरा मिळायला लागला. २४ आणि २८ मधला फरक ग्रुप फोटोत जाणवतो, हॉलमध्ये मागे सरायला भिंत असते. तिथे काका २४ची जुनी लेन्स लावतात.

८०-२०० आणि ५० डी७५०वरच ठेवल्या. मंगलाष्टकांच्या वेळी काका मांडवाच्या टोकाला ८०-२०० घेऊन उभे असतात आणि तिथे त्यांना स्क्रूचा ऑटोफोकस हवा असतो, भले तो करकर आवाज करो. एवढं जड भांडं अडॅप्टरमधून सोनीला लटकवूही नये. लावायचंच तर ट्रायपॉडची पकड लेन्सच्या कॉलरला हवी, बॉडीला नव्हे.

अडॅप्टर राहिला तो दोन एआय-एस लेन्ससाठी, आणि तो नीट करायचा ठरला. टूलरूममध्ये ०.१५ मिलिमीटरच्या पितळी शिम (फट भरायच्या पातळ) पत्र्यातून कडं कापलं, स्क्रूची भोकं पाडली, कडेची बुरं काढली आणि प्लेटखाली घातलं. गेजवर २८.४७ ते २८.४८. आणखी ०.०२ची शिम घालून बरोबर २८.५०ला आणता आलं असतं, आणि इन्स्पेक्टरचा तसा आग्रह होता. त्याच्या धंद्यात ड्रॉइंगवरचा आकडा म्हणजे आकडा. मी नको म्हटलं. सोनीच्या बॉडीच्या माउंटमध्येही थोडा कमी-जास्तपणा असू शकतो. अडॅप्टर एका केसाने जाड झाला तर २४ला अनंत गेलं. थोडा आखूड राहिला तर तीनच्या खुणेवर फोकस साडेतीनच्या आत पडतो, जो वरातीत चालतो.

२४च्या बाबतीत आणखी एक कारण होतं. या लेन्समध्ये जवळच्या फोकससाठी काचांचे गट एकमेकांपासून वेगळे सरकतात. रिंगची जागा आणि खरं अंतर जुळत नसेल तर ती दुरुस्ती चुकीच्या जागी लागते आणि कडा बिघडतात. त्यामुळे 'स्क्रीनवर बघून फोकस करा म्हणजे झालं' हा सल्ला इथे अर्धवट ठरतो.

निष्पत्ती

पुन्हा चाचणी घेतली ती रात्री, एफ/२.८वर, खुणेवर फोकस ठेवून, मेन रोडच्या गर्दीत. त्यानंतर सिडकोतल्या एका गच्चीवरून पांडवलेण्याचा डोंगर, रिंग अनंताला टेकवून, चारही कोपरे. दोन्ही ठिकाणी काकांना हवं ते मिळालं. पुढच्या वरातींत २४ सोनीवर चालली. १०५ने सोनीवर नवरीचे पोर्ट्रेट पुतण्याच काढायला लागला; स्क्रीनवर मोठं करून हाताने फोकस करायला त्याला आता मजा येते, असं दिसतं. फाइलमध्ये अ‍ॅपर्चरची नोंद येत नाही, त्याबद्दल तो अजून कुरकुर करतो.

सगळं सुटलं असं नाही. दोन कॅमेऱ्यांचे त्वचेचे रंग जुळवायला एडिटिंगला वेळ जास्त लागतो. अडॅप्टरमध्ये लेन्स थोडी हलते, कुलपाच्या पिनेची सैल बसण. फोटोला त्याचा त्रास नाही, व्हिडिओत फोकस ओढताना फ्रेम थरथरते. त्यावर शिम चालत नाही. स्प्रिंगच्या पट्ट्या जरा वाकवून काही दिवस बरं वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

बॉडीचे पैसे देण्याआधी पाच लेन्सची नावं एका कागदावर लिहून प्रत्येकीपुढे तीन रकाने करायचे होते: अ‍ॅपर्चर कोण चालवणार, फोकस कोण चालवणार, आणि लग्नातल्या कुठल्या क्षणाला ही लेन्स लागते. हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्यातून कदाचित झेड बॉडी आली असती, कदाचित हीच सोनी, पण २४-७० विकायचं तेव्हाच ठरलं असतं आणि अडॅप्टरकडून नको ती अपेक्षा ठेवली गेली नसती.

चाचणी ज्या परिस्थितीत काम करायचं त्याच परिस्थितीत व्हायला हवी होती. उन्हात एफ/८ला कुठलाही अडॅप्टर पास होतो. सगळ्यात वाइड लेन्स, सगळ्यात उघडं अ‍ॅपर्चर, एकदा जवळचं आणि एकदा डोंगर, इतकं तरी हवं.

शिमचा खटाटोप करावा की महागडा अडॅप्टर घ्यावा, यावर माझं आणि पुतण्याचं अजून एकमत नाही. त्याच्या मते चांगला साधा अडॅप्टर घेतला असता तर सातपूरच्या चकरा वाचल्या असत्या. मला वाटतं, महागडा घेतला तरी गेजवर ठेवून बघायलाच हवा होता, आणि गेजवर ठेवायचाच आहे तर स्वस्तातला नीट करता येतो. सातपूरमध्ये ओळख नसलेल्या माणसाने मात्र पुतण्याचंच ऐकावं.

एक निर्णय अजून लोंबकळतो आहे. २०२७च्या सिंहस्थात रामकुंडावर काम करायची काकांची इच्छा आहे आणि तिथे ८०-२०० लागेल. डी७५०चं शटर तोवर किती साथ देईल सांगता येत नाही. तो गेला तर त्या लेन्सचा ऑटोफोकस चालवणारी बॉडी घरात उरणार नाही. पुतण्या सोनीची टेली घ्या म्हणतो. काका जुनी, कमी वापरलेली दुसरी डी७५० शोधत आहेत, आणि या वेळी मी काकांच्या बाजूने आहे.